लाल डिझेल, घर तापवण्याचे तेल आणि आपला ट्रॅक्टर : एका संदेशाचा प्रतिवाद

शेतकऱ्यांच्या गटांमध्ये एक संदेश मोठ्या प्रमाणावर फिरतो आहे. त्याचा आशय असा : अमेरिकेतील शेतकरी ट्रॅक्टरमध्ये लाल रंगाचे स्वस्त डिझेल घालतात, हे लाल डिझेल, ट्रकमध्ये भरतात ते डिझेल आणि थंडीत घर तापवण्यासाठी जाळतात ते हीटिंग ऑइल, ही तिन्ही तेले मुळात एकच असून फरक केवळ रंगाचा आणि कराचा आहे, डिझेल इंजिनाला कोणतेही तेल चालते, तेव्हा आपणही पंपावरच्या महाग डिझेलऐवजी बॉयलरचे एलडीओ (लाइट डिझेल ऑइल) वापरावे किंवा डिझेलमध्ये रॉकेल मिसळावे. इंजिनात दाबाने डिझेल सोडणारा पंप आणि त्याचा फवारा करणारी नोझल यांची दुरुस्ती हा माझा रोजचा व्यवसाय असल्यामुळे हा सल्ला मानणाऱ्यांचे पंप माझ्याच टेबलावर येतात. संदेशातले पहिले विधान बरेचसे खरे आहे आणि त्यामुळेच पुढची खोटी विधाने लोकांना पटतात. म्हणून प्रत्येक विधान वेगळे काढून तपासणे आवश्यक वाटते.

पहिले विधान : लाल डिझेल आणि रस्त्यावरचे डिझेल एकच आहे. आजच्या अमेरिकेपुरते हे मान्य करायला हवे. तेथे रस्त्यावर चालणाऱ्या वाहनांच्या डिझेलवर गॅलनमागे 24.4 सेंट केंद्रीय कर आहे आणि त्याशिवाय प्रत्येक राज्याचा वेगळा कर आहे. शेतातल्या कामासाठी घेतलेल्या डिझेलवर हा रस्त्याचा कर लागत नाही. मात्र ते ट्रकच्या टाकीत जाऊ नये म्हणून त्यात लाल रंग घालतात. तपासनीस टाकीतून नमुना काढतात आणि रस्त्यावरच्या वाहनात लाल तेल सापडले, तर किमान 1,000 डॉलर किंवा गॅलनमागे 10 डॉलर, यांपैकी जी रक्कम अधिक असेल तेवढा दंड होतो.

पण हे नेहमीच असे नव्हते, आणि संदेश लिहिणाऱ्याने नेमका हाच इतिहास गाळला आहे. रस्त्यावरच्या डिझेलमधील गंधक 15 पीपीएमपर्यंत, म्हणजे दहा लाख भागांत पंधरा भागांपर्यंत, खाली आणण्याची सुरुवात तेथे 2006 मध्ये झाली. शेती आणि बांधकामाच्या यंत्रांच्या डिझेलला 2007 मध्ये 500 पीपीएमची मर्यादा लागली आणि 15 पीपीएमची अट 2010 पासून आली. म्हणजे मधली काही वर्षे रस्त्यावरचे बिनरंगी आणि शेतातले लाल तेल गंधकाच्या बाबतीत खरोखरच वेगळे होते. आज ते सारखे आहे ते कायद्याने सारखे केले म्हणून.

दुसरे विधान : हीटिंग ऑइल हेदेखील तेच तेल आहे. इथे संदेशाची गाडी रुळावरून घसरते. गोंधळ होण्याचे कारण समजण्यासारखे आहे, कारण कर न लागणारे तेल म्हणून हीटिंग ऑइललाही तोच लाल रंग देतात. शिवाय न्यूयॉर्क राज्याने 2012 पासून आणि ईशान्येकडील आणखी काही राज्यांनी 2018 पर्यंत हीटिंग ऑइललाही 15 पीपीएमची मर्यादा घातली, त्यामुळे तेथे एकाच साठ्यातले तेल दोन्ही नावांनी विकले जाणे शक्य आहे. परंतु ही त्या राज्यांपुरती गोष्ट आहे. अमेरिकेत डिझेलचे मानक डी 975 या क्रमांकाचे आहे आणि जाळण्याच्या तेलाचे डी 396 क्रमांकाचे. डिझेलच्या मानकात सीटेन, म्हणजे तेल किती चटकन आपोआप पेटते हे दाखवणारा अंक, किमान 40 असण्याची आणि वंगणक्षमतेची अट आहे. घर तापवण्याच्या तेलाच्या मानकात या दोन्ही अटी नाहीत, आणि 500 किंवा 5,000 पीपीएम गंधकाच्या प्रतीही त्यात बसतात. एखाद्या टँकरमधले हीटिंग ऑइल या कसोट्यांना उतरेलही, पण उतरेलच याची हमी विकणारा देत नाही.

सीटेनची अट एकाला का आणि दुसऱ्याला का नाही, हे कळले की सगळा प्रश्न सुटतो. घर तापवण्याच्या भट्टीत तेलाचा फवारा ठिणगीने एकदा पेटतो आणि मग ज्योत अखंड जळत राहते. तेल पेटायला क्षणभर उशीर झाला तरी काही बिघडत नाही. डिझेल इंजिनात ठिणगीच नसते. दाबल्यामुळे तापलेल्या हवेत तेल शिरते आणि ते आपोआप पेटावे लागते, तेही ठरलेल्या क्षणी. 2,000 आरपीएमवर रोटाव्हेटर ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या प्रत्येक सिलिंडरमध्ये हे सेकंदाला सोळा-सतरा वेळा घडते. पेटायला उशीर झाला की साचलेले तेल एकदम भडकते, इंजिन ठोके मारू लागते, आणि थंडीच्या सकाळी स्टार्ट होताना पांढरा धूर ओकते.

तिसरे विधान : डिझेल इंजिनाला कोणतेही तेल चालते. या एका वाक्याने जेवढे पंप खराब केले असतील, तेवढे पावसाच्या पाण्यानेही केले नसतील. इंजिनाच्या डिझेल पंपातला प्लंजर, म्हणजे तेल दाबणारा दट्ट्या, आणि तो ज्यात सरकतो तो बॅरल यांच्यातले अंतर दोन-तीन मायक्रॉन असते. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून त्या फटीची कल्पना यावी. तिथे इंजिन ऑइल पोहोचत नाही. तिथले वंगण म्हणजे डिझेलच. रॉकेल डिझेलपेक्षा पातळ असल्याने ते त्या फटीतून गळते, दाब पुरा चढू देत नाही आणि धातूला धातू घासू देते.

मागच्या उन्हाळ्यात एक शेतकरी पंप घेऊन आले. नांगरटीच्या वेळी ट्रॅक्टर दम सोडतो आणि गरम झाल्यावर बंद केला की पुन्हा स्टार्ट होत नाही, अशी तक्रार होती. पंप उघडून प्लंजर बाहेर काढला, पुसून उजेडात धरला. जो भाग आरशासारखा चकचकीत असायला हवा, त्यावर वरपासून खालपर्यंत बारीक उभ्या रेघा होत्या आणि नख फिरवले तर अडकत होते. नंतर नोझल टेस्टरवर लावली. चांगली नोझल हँडल दाबताच चिरचिर आवाज करत धुक्यासारखा फवारा सोडते. ही पिचकारीसारखी एकच धार सोडत होती आणि तिच्या टोकाला थेंब लोंबकळत राहत होता. दोन हंगाम डिझेलमध्ये रॉकेल मिसळल्याचे त्यांनी स्वतःच सांगितले. एलिमेंट (प्लंजर-बॅरलची जोडी) आणि नोझल बदलण्याचा खर्च ऐकून ते बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि त्यांचा तो चेहरा आठवला की हा संदेश पुढे पाठवणाऱ्यांचा मला खरोखर राग येतो.

गंधकाचे नुकसान याहून संथ असते. ते जळून तयार झालेले वायू ओलाव्याशी मिळून आम्ल बनवतात. ते लायनर आणि रिंगा झिजवते आणि इंजिन ऑइल मुदतीआधीच निकामी करते. ज्या नव्या इंजिनांच्या धुराड्यात उत्प्रेरक आणि काजळीचा फिल्टर असतो, त्यांत जादा गंधक ती यंत्रणाच खराब करते. भारतात 50 अश्वशक्तीहून मोठ्या ट्रॅक्टरना 1 जानेवारी 2023 पासून धुराचे कडक निकष लागू झाले आहेत, त्यामुळे नवा मोठा ट्रॅक्टर घेणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

चौथे विधान : म्हणून आपल्याकडे एलडीओ चालेल. अमेरिकेतले लाल डिझेल आणि आपले एलडीओ यांची तुलनाच होऊ शकत नाही. एलडीओ हे बॉयलर, भट्ट्या आणि अत्यंत मंद गतीची जुनी इंजिने यांच्यासाठीचे तेल आहे. आपल्याकडे 1 एप्रिल 2020 पासून पंपावर मिळणाऱ्या बीएस-6 डिझेलमध्ये गंधक 10 पीपीएमपेक्षा अधिक चालत नाही आणि सीटेन किमान 51 लागते, म्हणजे दोन्ही बाबतींत आपले मानक अमेरिकेपेक्षा कडक आहे. याउलट एलडीओमधील गंधक एक टक्क्याहूनही अधिक असू शकतो. एक टक्का म्हणजे 10,000 पीपीएम, पंपावरच्या डिझेलच्या हजारपट. त्याशिवाय त्यात राख, गाळ आणि जळल्यावर मागे राहणारा कोळसा यांचे प्रमाण जास्त असते, आणि मराठवाड्यातल्या डिसेंबरच्या पहाटे ते इतके दाट होऊ शकते की फिल्टरमधून पुढे सरकत नाही. जुन्या संथ पाणी उपसण्याच्या इंजिनावर आजोबांनी असे तेल चालवले असेल, पण ते इंजिन ट्रॅक्टरच्या निम्म्या गतीनेही फिरत नव्हते.

रेशनच्या निळ्या रॉकेलबद्दल थोडक्यात : ते स्वयंपाक आणि दिव्यासाठीच वापरण्याचे बंधन 1993 च्या आदेशाने घातले आहे, तेव्हा ते टाकीत ओतणे हा गुन्हाही ठरतो.

पाचवे विधान संदेशाच्या शेवटी येते : ‘अमेरिकेच्या शेतकऱ्याला मिळते, मग आपल्याला का नाही?’ हा प्रश्न रास्त आहे, डिझेलच्या खर्चाने मशागत महाग झाली आहे हे मी रोज ऐकतो. पण त्याचे उत्तर संदेशाने चुकीचे दिले आहे. तिथल्या शेतकऱ्याला हलके तेल मिळत नाही. ट्रकवाल्याला मिळते तेच चांगले तेल त्याला कर वगळून मिळते. अशी पद्धत महाराष्ट्राला अपरिचितही नाही. आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांचे मच्छीमार पंपावरचेच डिझेल घेतात आणि राज्याच्या मूल्यवर्धित कराचा (व्हॅटचा) परतावा त्यांना सहकारी संस्थांमार्फत मिळतो. त्यासाठी नौकेच्या इंजिनात बॉयलरचे तेल ओतावे लागत नाही. शेतकरी संघटनांनी मागणी करायची असेल, तर ट्रॅक्टरच्या डिझेलवर अशाच परताव्याची करावी, आणि ती होईपर्यंत टाकीत पावतीसह घेतलेले पंपावरचे डिझेलच भरावे.