पांढरीची माती आन व्हायरल लक्ष्मी

काल परत एका ग्रुपवर तो फोटो आला. हस्तिदंताची बाई, अंगावर दागिन्यांशिवाय काही नाही, दोन्ही बाजूला दोन बारक्या दासी. वर लिहिलेलं, "इटलीत सापडली ५००० वर्षांपूर्वीची लक्ष्मी". खाली हात जोडलेल्यांची रांग. म्हणलं आता लिहावंच लागंल.

बाई खरी आहे. पाँपेई शहर इ.स. ७९ ला व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलं गेलं, तिथं १९३८ ला ती सापडली, आता नेपल्सच्या म्युझियममध्ये आहे. म्हणजे दोन हजार वर्षांच्या आसपासची, वरचे तीन हजार कुणी टाकले देव जाणे. लक्ष्मी हे पण नंतर चिकटलेलं नाव, बरेच अभ्यासक यक्षी म्हणतात. पण माझं डोकं त्यानं नाही फिरलं. तिच्याच वळणाची हस्तिदंती बाई आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला सापडलीय, जालन्याकडच्या भोकरदनला सापडलीय, त्यामुळं पाँपेईवाली पण इकडूनच गेली का काय अशी चर्चा अभ्यासकांत कधीपासून चालू आहे, आन त्या शेकडो कमेंटमध्ये तेरचं नाव एकानं सुद्धा घेतलं नाही. त्यात धाराशिवचे लोक होते हो!

तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या पेरिप्लस नावाच्या ग्रीक पुस्तकात त्याचा पत्ता दिलाय, पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर, आन तिथलं कापड गाड्यांत भरून पार भडोच बंदराला जायचं. तेरला रामलिंगप्पा लामतुरे म्हणून व्यापारी होते, त्यांनी गावात, रानात सापडलेल्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या, त्याचं आज सरकारी म्युझियम आहे. मणी, शंखाच्या बांगड्या, पांढऱ्या केओलिन मातीच्या दोन साच्यांतून काढलेल्या बाहुल्या, रोमन नाण्यांची नक्कल केलेली मातीची पदकं. गोरोबाकाकांच्या गावात मातीची कारागिरी निघणार नाही तर कुठं निघणार. एकदा तासभर काढून बघा फक्त, घाईत नको.

आता खोट्या फोटोंचं. परवा एकानं "दौलताबाद किल्ला, १७५० चा दुर्मिळ फोटो" टाकला. आरे बाबा, कॅमेऱ्यानं काढलेला आज शिल्लक असलेला सगळ्यात जुना फोटोच १८२६-२७ चा आहे, फ्रान्समधल्या निएप्सनं खिडकीतून काढलेला, आन त्याला सुद्धा कित्येक तास उजेड दाखवावा लागला. १७५० ला काय भुतानं क्लिक केलं का? आता तर एआयनं रोज नवीन "दुर्मिळ" फोटो निघतेत. गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन फेसबुकवर बसायला पायजे, निम्म्याच्या वर मडकी कच्ची निघतील.

माझं म्हणणं इतकंच की कुठलीही जुनी वस्तू दाखवायची तर कुठं सापडली ते आधी सांगा. गाव, शिवार, मातीचा कितवा थर. ते नसलं की दगडाची कुऱ्हाड आन रस्त्यावरची खडी यात फरक काय राहिला? "प्राचीन भारत" असं लिहिलं की झालं असं वाटतं लोकांना, आवो पण प्राचीन भारत काय एक तालुका आहे का.

आन मी काय लई शहाणा नाही, हे पण सांगतो. आमचं जुनं घर माळवदाचं होतं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं. पावसाळ्याच्या तोंडावर माळवदावर पांढरी माती टाकायची, ती पांढरीच्या टेकाडावरून बैलगाडीनं यायची. पांढरीचं टेकाड म्हणजे काय तर जुनं बसलेलं गाव, राख, शेण, पडलेल्या भिंती, फुटकी गाडगी, शेकडो वर्षांचा ढीग. म्हणजे आख्ख्या जिल्ह्यानं आपला इतिहास उकरून डोक्यावर पसरला आन वरून पाऊस घेतला. कुणाला नावं ठेवायची? घर गळायला लागल्यावर कोण पुरातत्त्व बघणार. तेव्हा फावड्यानं थोडं थोडं जायचं, आता जेसीबी एका दुपारीत आख्खं टेकाड नेतो, ते मात्र बघवत नाही.

तर त्या मातीत मणी सापडायचे. लाल, कडेनं झिजलेले, आरपार बारीक भोक. आज्जी म्हणायची, "ठिव, दृष्ट लागत नाही." एका पावडरच्या डब्यात मी ते साठवले, त्यातच गोट्या, काचेच्या बांगड्यांचे तुकडे, शाळेच्या शर्टाची बटणं. डबा अजून आहे, आकरा मणी आहेत. एका अभ्यास असलेल्या माणसाला मोठ्या हौसेनं दाखवायला नेला तर त्यानं पहिलाच प्रश्न टाकला, "कुठल्या टेकाडावरचे?"

आमच्या शिवारात टेकाडं तीन. आता तर दोनच, तिसऱ्यावर प्लॉटिंग झालंय. आज्जी तर गेली, म्हणून घरी येऊन आईला फोन लावला, गाडी कुठून यायची गं मातीची? ती म्हणाली, "आता मातीचं काय एवढं, जिथून जवळ पडायची तिथून यायची."