'एम'च्या पाटीखाली गाडी लावू नका!

नॉर्वेतल्या अरुंद रस्त्यांवर थोड्या थोड्या अंतराने एक निळी पाटी दिसते, त्यावर पांढरा 'एम'. तिथे रस्ता जरा रुंद केलेला असतो. समोरून गाडी आली की एकाने तिथे सरायचं आणि दुसऱ्याला वाट द्यायची. त्या जागेचं काम एवढंच. ती फोटोसाठी नाही, जेवणासाठी नाही, आणि घडीच्या खुर्च्या मांडून कॉफी उकळण्यासाठी तर मुळीच नाही! पण जुलै लागला रे लागला की त्या प्रत्येक जागेत एक पांढरी मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली मोठी गाडी, ठाण मांडून बसलेली असते, आणि माझं डोकं फिरतं.

आम्ही स्टावांगरला राहतो. घरी आई-बाबा आले की हार्डांगरच्या फ्योर्डांकडे, म्हणजे डोंगरांत घुसलेल्या समुद्राच्या खाड्यांकडे, जाणं ठरलेलं. समुद्राखालचा चौदा किलोमीटरचा बोगदा, मग येल्मेलानची फेरीबोट, मग १३ नंबरच्या रस्त्याने रोल्दालवरून ओद्दा. येल्मेलानला द्रव हायड्रोजनवर चालणारी बोट आहे, जगातली पहिली. इतकं सगळं उभं केलंय या लोकांनी, वेळापत्रक मिनिटाला पाळतात, आणि आपण पाहुणे म्हणून येऊन त्याचा चुथडा करतो.

ओद्दाच्या अलीकडे लॉटेफॉस हा धबधबा आहे. १६५ मीटरवरून दोन धारा कोसळतात आणि त्यांच्या अगदी पायाशी दगडी पूल. तुषार थेट काचेवर येतात, वायपर लावावा लागतो. जवळच गाड्या लावायला जागा केलेली आहे. तरी लोक पुलावरच गाडी उभी करतात! यंदा आमच्या पुढची भाड्याची गाडी तशीच थांबली, चारही दारं उघडी, सगळे बाहेर. मागे ट्रक हॉर्न देतोय. मी उतरून गेलो तर अस्सल मराठीत उत्तर आलं, "दोनच मिनिटं हो दादा, आईचा एक फोटो राहिलाय." अहो, हा राष्ट्रीय महामार्ग आहे! ताम्हिणीत पावसाळ्यात वळणावर गाड्या लावून नाचणाऱ्यांना आपणच शिव्या घालतो ना? मग इथे काय होतं आपल्याला?

खरा संताप मात्र पुढे, ५५० नंबरच्या रस्त्यावर. ओद्दाहून सोरफ्योर्ड या खाडीच्या पश्चिम काठाने ऊत्नेच्या बोटीच्या धक्क्याला जाणारा. एका हाताला सफरचंद-चेरीच्या बागांचे दगडी बांध, दुसऱ्या हाताला खाली पाणी, मधे जेमतेम एक गाडी मावेल एवढं डांबर. इथला शिरस्ता साधा आहे: ज्याला 'एम' जवळ, त्याने मागे घ्यायचं. आणि समोर येतो कोण? सात मीटरचं धूड भाड्याने घेतलेला माणूस, ज्याला रिव्हर्स घेताच येत नाही. तो काचेतून हात हलवून खुणावतो, तुम्हीच मागे जा. माझ्या मागे चार गाड्या, त्यांच्या मागे ट्रॅक्टर. मागचा 'एम' होता, पण त्यात एक जोडपं छत्री ताणून पाव खात बसलेलं! बाबांचे गुडघे आखडलेले, आईला स्वच्छतागृहाची घाई, आणि आम्ही सगळे त्या दोघांचं खाणं संपायची वाट बघतोय. उठवायला गेलो तर बाई म्हणाल्या, आम्ही सुट्टीवर आहोत.

पण तो ट्रॅक्टरवाला सुट्टीवर नव्हता. म्हाताऱ्यांना घरी जाऊन औषध देणारी नर्स याच रस्त्याने जाते. रुग्णवाहिकेलाही दुसरी वाट नाही.

ऊत्नेला पोचलो तेव्हा फेरीचा रॅम्प वर जात होता. मग पुढच्या बोटीपर्यंत ऊन खात बसा. तिथेही तेच. रांगेत गाडी लावून कुलूप घालून लोक आइस्क्रीम आणायला जातात. बोट लागते, पिवळ्या जॅकेटातला खलाशी हात करतो, आणि आमची अख्खी लेन त्या एका रिकाम्या गाडीमागे अडकते. आत गेल्यावरही पुढच्या गाडीपासून दीड-दोन मीटर सोडून थांबतात. खलाशी "पुढे, पुढे" करत राहतो, हे जागचे हलत नाहीत. अशा चार गाड्यांनी जागा खाल्ली की शेवटची गाडी काठावरच राहते, आणि त्या गाडीतल्यांना मग पुढच्या बोटीची वाट बघावी लागते.

मोटरहोम भाड्याने देणाऱ्यांना माझं सांगणं आहे: शॉवर कसा चालवायचा, गॅस कसा लावायचा हे अर्धा तास समजावता, त्यातली दहा मिनिटं त्या गिऱ्हाइकाला अरुंद गल्लीत गाडी मागे घ्यायला लावा. जमलं नाही तर किल्ली देऊ नका. आणि 'एम'मध्ये छत्री ताणणाऱ्याला पोलिसांनी जागेवर दंड करावा, जुलैभर, रोज.