खंड्याचं काय करायचं?

अण्णा गेले त्याला येत्या आषाढात दोन वर्षं होतील. दहाव्याला आम्ही सगळे घाटावर पिंडाकडे डोळे लावून बसलो होतो आणि कावळा काही शिवेना. मग एकेक जण हात जोडून पुढे आला. दादा म्हणाला, "मळा विकणार नाही." काका म्हणाले, "पोरीचं माहेर तुटू देणार नाही." कुणी सोसायटीच्या कर्जाचं बोललं. बऱ्याच वेळानं कावळा शिवला.

तेवढा वेळ अण्णांचा कुत्रा खंड्या वरच्या पायरीवर बसून होता. दोनदा कुणीतरी त्याला हाड केलं, दोनदा तो परत येऊन बसला. त्याच्याबद्दल अण्णांना शब्द द्यायचं आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही. मलाही नाही.

आई गेल्यावर आठ वर्षं त्या घरात हे दोघंच होते. लुनाचा आवाज ओढ्यापलीकडून आला की हा फाटकाशी हजर. अण्णांचे गुडघे किती दुखतात ते आम्हाला फोनवर कळायचं, तेही विचारलं तर. खंड्या मात्र चार पावलं पुढे जाऊन थांबायला शिकला होता. "एकटे किती दिवस राहणार?" म्हटलं की अण्णा म्हणायचे, "एकटा कुठाय मी?" आम्हाला वाटायचं, आमची समजूत काढतायत. ते खरं तेच सांगत होते.

जपानच्या हाचिको या कुत्र्याची गोष्ट आपण सगळे गहिवरून सांगतो. त्याचे मालक प्राध्यापक उएनो १९२५ च्या मे महिन्यात अचानक गेले आणि हाची मार्च १९३५ मध्ये स्वतः मरेपर्यंत शिबुया स्टेशनवर त्यांची वाट पाहत राहिला. पण मधला भाग फारसं कुणी सांगत नाही. उएनोंच्या सोबतिणीशी त्यांचं रीतसर लग्न झालेलं नव्हतं, त्यामुळे तिलाच घर सोडावं लागलं. हाची या घरातून त्या घरात फिरला आणि शेवटी उएनोंच्या जुन्या माळ्याकडे राहिला. स्टेशनवर लोक त्याला हाकलायचे, छळायचे. १९३२ साली वर्तमानपत्रात त्याच्याबद्दल छापून आलं, मग कौतुक सुरू झालं, १९३४ साली पुतळाही उभा राहिला. त्याची निष्ठा मोठीच. पण मला आता त्या गोष्टीत आधी दिसतं ते घर नसलेलं कुत्रं.

आमच्याकडेही "गावचं कुत्रं आहे, जगेल कसंही" असं म्हणणारे होतेच. तीन आठवड्यांनी शेजारच्या काकूंचा फोन आला, "फाटक सोडत नाही गं, भाकरीला तोंड लावत नाही." त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी जाऊन त्याला पुण्याला आणलं.

ज्यांचे आईवडील गावी एखाद्या कुत्र्याच्या सोबतीनं राहतायत, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. आत्ताच विचारा, याचं पुढे कोण बघणार? अभद्र वाटेल, तरी विचारा. रेबीजची लस कधी दिली, काय खातो, कशाला घाबरतो, सगळं लिहून ठेवा. जमीन कुणाकडे जाणार हे ठरवतो तसंच हेही ठरवा. आणि "आम्ही सांभाळू" हा शब्द त्यांना जिवंतपणी द्या. पिंडासमोर बसायची वाट पाहू नका.

पुण्यात पहिले चार दिवस खंड्यानं काही खाल्लं नाही. नवं भांडं, चिकन, दूधभात, सगळं करून पाहिलं. पाचव्या रात्री दमून मी माझं ताट घेऊन त्याच्याशेजारी फरशीवरच बसले. अण्णा चुलीपाशी तसेच बसायचे, आधी त्याची भाकरी कुस्करायची, मग स्वतःचा घास. खंड्यानं माझ्याकडे पाहिलं आणि खायला लागला. आमच्या घरात डायनिंग टेबल आहे. रात्री मी खालीच बसते.