११ भाषांमधली एक मराठी

आपली वर्णमाला शास्त्रशुद्ध आहे, हे आपण शाळेत ऐकतो आणि पुढे आयुष्यभर एकमेकांना सांगत राहतो. मलाही ते पटतं. पण नुसतं सांगून भागत नाही, मोजावंही लागतं. ज्यांनी ते मोजलं त्यांतल्या आर्थर अब्रॅमसन यांच्याविषयी आज लिहितोय. आपल्याकडे हे नाव भाषाशास्त्राच्या वर्गाबाहेर क्वचितच ऐकू येतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

अब्रॅमसन अमेरिकन, जन्म १९२५चा. थाई भाषेचे गाढे अभ्यासक. त्यांचे सहकारी ली लिस्कर तेलुगूचे जाणकार. दोघं न्यूयॉर्कच्या हॅस्किन्स लॅबोरेटरीज या उच्चारांवर संशोधन करणाऱ्या संस्थेत एकत्र आले आणि १९६४ साली त्यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यात ११ भाषा होत्या: इंग्रजी, डच, स्पॅनिश, हंगेरियन, कँटनीज, तमिळ, कोरियन, थाई, पूर्व आर्मेनियन, हिंदी आणि आपली मराठी.

त्यांनी काय मोजलं? ‘प’ म्हणून बघा. ओठ मिटतात, मागे हवा कोंडते, मग ओठ सुटतात. ओठ सुटण्याचा क्षण आणि स्वरतंतू थरथरायला लागण्याचा क्षण, या दोहोंमधलं अंतर म्हणजे ‘व्हॉइस ऑनसेट टाइम’, थोडक्यात व्हीओटी. ‘ब’मध्ये थरथर आधीच सुरू झालेली असते, म्हणून आकडा उणे येतो. ‘प’मध्ये तो शून्याच्या आसपास असतो. ‘फ’मध्ये (ओठ मिटून म्हटलेला, दात टेकवून नव्हे) आधी हवेचा झोत आणि थरथर मागाहून, म्हणून आकडा बराच अधिक. सगळा हिशेब मिलिसेकंदांचा. थाईमधले तीन प्रकारचे आवाज या एका आकड्यावर छान वेगळे झाले.

आणि मग हिंदी-मराठीपाशी गाडी अडली. ताट, थाट, दाट, धाट. ‘त’, ‘थ’ आणि ‘द’ जागच्या जागी बसले, पण ‘ध’चा आकडाही ‘द’सारखाच उणे. ‘ध’चं वेगळेपण जीभ सुटल्यानंतर जो श्वास मिसळलेला आवाज येतो त्यात आहे, आणि ते या मोजपट्टीत सापडत नाही. अशा भाषा यादीतून गाळणं काय अवघड होतं? त्यांनी गाळल्या नाहीत. आपली मोजपट्टी कुठे अपुरी पडते, हे त्याच निबंधात लिहून ठेवलं. मला हा माणूस मोठा वाटतो तो इथे.

पुढचा प्रश्न कानाचा. त्यांनी यंत्रावर ३७ कृत्रिम आवाज तयार केले, उणे १५० पासून अधिक १५० मिलिसेकंदांपर्यंत. आकडा हळूहळू वाढत जातो, पण ऐकणाऱ्याला मात्र एका ठिकाणी आवाज एकदम बदलल्यासारखा वाटतो. ते ठिकाण इंग्रजी, स्पॅनिश आणि थाई भाषकांसाठी वेगवेगळं निघालं. १९७१ साली मानसशास्त्रज्ञ पीटर आयमस आणि सहकाऱ्यांनी लिस्कर-अब्रॅमसन यांचेच आवाज एक आणि चार महिन्यांच्या बाळांना ऐकवले. बाळ चोखणी किती वेळा जोराने चोखतं यावरून कळलं की २० आणि ४० मिलिसेकंदांमधला फरक त्यांना जाणवतो. तेवढंच अंतर, पण आवाज बदलतो त्या सीमेच्या एकाच बाजूला असलं तर त्यांचा प्रतिसाद जवळपास बदलत नाही. तान्ह्या बाळांच्या श्रवणाचं अख्खं संशोधन या प्रयोगाने पालटून गेलं.

याचा आपल्या रोजच्या जगण्याशी थेट संबंध आहे. इंग्रजी माणूस ‘पुणे’ म्हणतो ते आपल्याला ‘फुणे’च्या जवळचं वाटतं, आणि आपला ‘पिन’ त्याला ‘बिन’ ऐकू येऊ शकतो. दोघांच्या सीमारेषा वेगळ्या जागी आहेत, इतकंच. मुलाखतीत, वर्गात, फोनवर मराठी मुलांच्या इंग्रजी उच्चारांना हसणाऱ्यांचा म्हणूनच मला राग येतो. त्या मुलांचं काहीही चुकलेलं नसतं. त्यांचा कान आणि त्यांची जीभ मराठीत तयार झालेली असते.

अब्रॅमसन यांनी १९६७ साली कनेटिकट विद्यापीठात भाषाशास्त्र विभाग उभा केला, पुढे अमेरिकेतल्या भाषाशास्त्र संस्थेचे अध्यक्षही झाले. २०१७ साली, वयाच्या ९२व्या वर्षी, डग्लस व्हेलन यांच्यासोबत त्यांचा आणखी एक निबंध आला. विषय तोच, व्हीओटीची पन्नास वर्षं! त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये ते गेले.

तेव्हा हे काम करायला स्पेक्ट्रोग्राफ हे आवाजाचं चित्र काढणारं मोठं यंत्र लागायचं. आज प्राट नावाचं आवाज मोजायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि रेकॉर्डिंगला साधा मोबाइल चालतो. माझ्या मित्रयादीत मराठी आणि भाषाशास्त्र शिकवणारी बरीच मंडळी आहेत, त्यांना कळकळीची विनंती आहे. वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी बोलणाऱ्यांचे ‘भ’, ‘ध’, ‘घ’ विद्यार्थ्यांकडून मोजून घ्या. म्हैस आणि न्हाणी यांतले ‘म्ह’, ‘न्ह’ तपासा, तिथे तर व्हीओटी कामालाच येत नाही. आणि ‘दूध’, ‘वाघ’ म्हणताना शेवटचा महाप्राण (‘ध’, ‘घ’मधला तो श्वास) बोलण्यात खरोखर किती उरतो, तेही ऐका.