"किती देती?" एवढंच विचारणाऱ्या माझ्या माणसांनो

आज मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये डबे उघडले होते, सगळे निवांत होते, आणि मी सहज सांगून टाकलं की गाडी बुक केली. साडेतीनशे सीसीची मोटरसायकल. त्यावर पहिला प्रश्न काय आला असेल हे सोलापुरातल्या कुणालाही सांगायची गरज नाही.

"मालक, किती देती?"

म्हटलं, लिटरला पस्तीसच्या आसपास. झालं. अख्खी स्टाफरूम हसली. एक सर म्हणाले, "मग पंपाशेजारीच खोली बघा की भाड्यानं." दुसरे म्हणाले, "साठ देणारी सोडून पस्तीस देणारी घ्यायलेत, सरांचा पगार उतू जायलाय." सगळी माझी जवळची माणसं आहेत, पंधरा वर्षं एका डब्यात जेवतोय. पण आज घास गिळला नाही. तिथं काही बोललो नाही, म्हणून आता लिहितोय.

मागच्या जानेवारीत, सिद्धेश्वर यात्रेच्या जत्रेत, म्हणजे आपल्या गड्ड्याच्या आठवड्यात काय झालं ते तुमच्यातल्या निम्म्या लोकांना माहीत आहे. माझी नववीतली लेक आजोळी मंद्रूपला होती. गड्ड्यात मोठ्या पाळण्यात बसायचं म्हणून संध्याकाळी तिला घेऊन निघालो. माझी जुनी शंभर सीसी, मागे ती, तिच्या मांडीवर पिशवी, पिशवीत आजीनं दिलेली शेंगा चटणी. विजापूर रोड, सातच्या सुमाराची वेळ, थंडी. वेग पंचावन्न-साठ, त्याच्या वर नाही. आणि पुढच्या अंधारातून अचानक अंधारच उभा राहिला. उसाची ट्रॉली. एकामागे एक दोन ट्रॉल्या, बंद पडलेल्या, डाव्या लेनमध्ये उभ्या. दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, माणूस नाही. मागच्या कांड्यांना फडक्याची एक चिंधी बांधलेली, ती लाल होती हे मला नंतर कळलं.

मी ब्रेकवर उभाच राहिलो. मागचं चाक जाम झालं. गाडी थांबायच्या ऐवजी मागून आडवी व्हायला लागली, आणि आम्ही दोघं रस्त्यावर घासत गेलो. मी डोकं उचललं तेव्हा उसाच्या वाढ्याची पाती माझ्या हेल्मेटच्या काचेला लागत होती. एवढंच अंतर होतं. लेकीच्या गुडघ्याला सहा टाके पडले. चटणीची पिशवी फुटून तिच्या स्वेटरवर सांडली होती. दवाखान्यात ती रडत होती आणि तिच्या अंगाला लसणाचा, तिखटाचा वास येत होता. घरी शेंगा चटणी केली की मला अजून तोच दवाखाना आठवतो.

आता सांगा, त्या क्षणी माझी गाडी साठ देत होती याचा मला काय उपयोग झाला?

त्या गाडीला मी नावं ठेवत नाही. २००९ पासून, नोकरी लागली तेव्हापासून तिनं मला ओढलंय. आमचं घर चालवण्यात तिचा वाटा आहे. पण ती एका माणसानं गावातून डबा घेऊन कामावर जावं, यासाठी बनलेली गाडी आहे. आठेक हॉर्सपॉवर, मागे-पुढे दोन्हीकडे ड्रम ब्रेक, मागचं टायर जेमतेम ऐंशी मिलिमीटर रुंद. तिच्यावर दोन माणसं, पिशव्या घालून रोज पन्नास किलोमीटर हायवेला पळवायची आणि शेजारून चौदा-अठरा चाकी ट्रक गेले की त्यांच्या वाऱ्यानं हेलकावे खायचे, हे आपण नेहमीचं करून टाकलंय. एक ट्रॅक्टर ओलांडायचा तर आधी अर्धा किलोमीटर वेग जमवत यायचं, आणि मध्येच दम तुटला की परत मागे. सगळेच असं चालवतात म्हणून ते बरोबर ठरत नाही.

मागचं चाक जाम का होतं हे त्या दिवसानंतर मी समजून घेतलं. गाडी जोरात थांबवली की सगळं वजन पुढच्या चाकावर येतं, मागचं हलकं पडतं. आणि आपल्याला लहानपणापासून शिकवलंय काय, तर पुढचा ब्रेक दाबू नको, उलटशील, पायाचा दाब. म्हणजे ज्या चाकाला पकड उरलेली नाही त्यालाच आपण सगळी ताकद लावून आवळतो. जाम झालेलं चाक रस्ता धरत नाही, नुसतं घसरतं, आणि घसरणाऱ्या चाकाला दिशा नसते. एबीएस म्हणजे दुसरं काही नाही, चाक जाम व्हायला लागलं की ते यंत्र ब्रेक क्षणभर सोडतं, परत धरतं, परत सोडतं. आपल्या पायाला ते जमणार नाही, भीतीनं आखडलेल्या पायाला तर नाहीच. १ एप्रिल २०१९ पासून सव्वाशे सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना ते सक्तीचं आहे. त्या नियमात सव्वाशेपर्यंतच्या गाड्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लागायची सोय दिली की चालतं. म्हणजे आपल्यातले बहुतेक लोक जी गाडी घेतात तिला एबीएस नसतंच. आणि स्टाफरूममध्ये कुणी विचारलं का, थांबती कशी? एकानंही नाही.

शोरूममध्येही तेच. नाव घेत नाही, मुलगा वयानं लहान होता, त्याला शिकवलं तसं तो बोलला. स्वस्त मॉडेल दाखवून म्हणाला, "एबीएस आहे की सर ह्याला." मी वाकून मागचं चाक बघितलं. ड्रम. म्हणजे एबीएस फक्त पुढच्या चाकाला. माझी गाडी कुठल्या चाकानं घसरली होती? मागच्या! दोन्ही चाकांना डिस्क आणि दोन्हींना एबीएस पाहिजे तर वरचं मॉडेल, वीस-पंचवीस हजार जास्त. तो मुलगा म्हणाला, "तेवढ्यात सर क्रॅश गार्ड, सीट कव्हर, आवाजाचा सायलेन्सर, सगळं बसवून देतो की." आवाजाचा सायलेन्सर! रात्री अकराला सात रस्त्यावरून फटफट करत जाणारी पोरं बघतो तेव्हा मला माझेच जुने विद्यार्थी दिसतात त्यांच्यात, आणि संताप येतो. घरात म्हातारी माणसं आजारी असतात रे. तुमच्यामुळेच मोठी गाडी म्हटलं की लोक तोंड वाकडं करतात.

बरं, पेट्रोलचा हिशेब. तुम्ही काढायच्या आधी मीच काढलाय, गणित शिकवतो. महिन्याला माझे बाराशे किलोमीटर होतात. साठच्या हिशेबानं वीस लिटर, पस्तीसच्या हिशेबानं चौतीस. चौदा लिटरचा फरक, म्हणजे महिन्याला दीड हजार रुपये. दीड हजार कमी नाहीत, मान्य. पतसंस्थेचा हप्ता वेगळा. पण त्या रात्रीच्या सहा टाक्यांचं, एक्स-रेचं आणि लेकीच्या बुडलेल्या शाळेचं बिल कुणी काढलं नव्हतं.

काही जणांनी मेसेज टाकलेत की एवढं आहे तर जुनी कार घे. घेतो, ठेवू कुठं? साखर पेठेतल्या माझ्या गल्लीत समोरून बैलगाडी आली तर मोटरसायकल मागे घ्यावी लागते.

आणि मी काही आंधळेपणानं साडेतीनशेवर उडी मारलेली नाही. सहा महिने बघत होतो. एकशेसाठच्या गाड्या बघितल्या. पल्सर एन १६० मध्ये दोन्ही चाकांना एबीएस मिळतं, वजन दीडशेच्या आसपास, एकशेसाठ सीसीत युनिकॉर्नसारखी शांत गाडी आहे, अपाचे १६० आहे. ज्याला एकट्यानं जायचंय, ज्याचं जाणंयेणं गावातच आहे, त्यानं खुशाल एकशेसाठ घ्यावी, मी स्वतः बरोबर येऊन निवडून देईन. शंभरवरून तेवढं चढलं तरी जमीन-अस्मानाचा फरक पडतो. चारशेच्याही बघितल्या. ट्रायम्फ स्पीड ४०० आपल्या चाकणलाच बनते, चाळीस हॉर्सपॉवर. देखणी आहे. पण २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेतीनशेपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी अठ्ठावीसवरून अठरा टक्के झाला आणि त्याच्या वरच्यांवर चाळीस. थर्ड पार्टी विम्याचंही तसंच, दीडशे ते साडेतीनशे एक पट्टी, त्याच्या वर गेलं की दुप्पटीहून जास्त. आणि मला विजापूर रोडला चाळीस हॉर्सपॉवर करायचे काय?

रॉयल एन्फील्डच्या क्लासिक ३५० वर बसून बघितलं. एकशे पंच्याण्णव किलो, सीट आठशे पाच मिलिमीटर. माझी उंची पाच फूट चार इंच. रस्त्यावर चालली असती, पण गल्लीत मागे ढकलताना रोज कमरेचा हिशेब झाला असता. म्हणून हंटर ३५०. इंजिन तेच घरचं, एकशे एक्क्याऐंशी किलो, सीट सातशे नव्वद, दोन्ही पाय जमिनीला टेकतात. वीस हॉर्सपॉवर आणि सत्तावीस न्यूटन मीटर टॉर्क (ओढायची ताकद), म्हणजे लेक मागे बसलेली असताना सत्तरला ती गाडी ओरडत नाही, श्वास घेऊन चालते. मागे एकशेचाळीसचं टायर. उणं नाही असं नाही. मे महिन्यात सोलापूर चव्वेचाळीसला गेलं की सिग्नलला दोन गुडघ्यांच्या मधे ते इंजिन भट्टीसारखं तापणार आहे. तेरा लिटरची टाकी आहे, भरताना जीवावर येईल. मला माहितीये सगळं.

पण टेस्ट राइडला होटगी रोडला एक मोकळा पट्टा मिळाला. मागे-पुढे कुणी नाही बघून साठवर नेली आणि दोन्ही ब्रेक ठासून दाबले. मुद्दाम. जसे त्या रात्री दाबले होते तसे. पायाखाली पेडल धडधडलं, थरथरलं, आणि गाडी सरळ रेषेत उभी राहिली. मागचं चाक घसरलं नाही. मी गाडी बाजूला घेतली आणि किती वेळ तसाच बसून होतो कुणास ठाऊक. शोरूमचा मुलगा मागून आला, "सर, काही झालं का?" काय सांगणार त्याला.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय, म्हणून हेही लिहितो. "किती देती" हा प्रश्न आपल्या तोंडात कुठून आला हे मला कळतं. माझे वडील, म्हणजे आमचे दादा, गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा आमच्याकडे जुनी लुना होती. दादा पंपावर जाऊन अर्धा लिटर टाकायचे, आणि ते अर्धं लिटर शनिवारपर्यंत पुरवायचे. उताराला इंजिन बंद. माझी आई विड्या वळायची, तिच्या हजार विड्यांत किती पेट्रोल येतं हे दादांना तोंडपाठ होतं. तो प्रश्न कंजुषीचा नाही, तो आपल्या घरांचा आहे. मी तरी पगारावर आहे. ज्याला खरंच दीड हजार परवडत नाहीत त्याला मी एक शब्द बोलणार नाही. माझा राग ज्यांना परवडतं त्यांच्यावर आहे, जे दरवर्षी मोबाईल बदलतात, लेकीच्या लग्नात डीजेला पन्नास हजार मोजतात, आणि ब्रेकसाठी वीस हजार म्हटलं की हसतात.

लेक अजूनही ट्रॉली दिसली की माझा शर्ट मुठीत धरते. बोलत काही नाही. पाठीवर शर्ट ताणला गेला की मला कळतं पुढे ट्रॉली आहे, माझ्या आधी तिला दिसते. आता परत गाळप सुरू झालंय, रस्ता परत तसाच झालाय. ट्रॉलीवाल्या बंधूंनो, तुमच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर, मागे नुसती चिंधी बांधू नका रे. लाल रेडियमची पट्टी लावा.

हे लिहीत होतो तेवढ्यात खाली शेजारच्या काकूंचा मुलगा आला होता. एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात लागलाय, पहिली नोकरी. माझी जुनी गाडी त्याला पाहिजे. शोरूमवाले एक्स्चेंजमध्ये जे देतात तेवढेच तो देणार. गाडीभोवती एक चक्कर मारली, सीटवरून हात फिरवला आणि विचारलं, "सर, किती देती?"

खरं सांगतो, त्याच्यावर राग नाही आला. म्हटलं, साठ. मग त्याला खाली बसवलं, मागचं टायर दाखवलं, मधली नक्षी झिजून गुळगुळीत झालेली. पुढचा ब्रेक हातात दिला आणि म्हटलं, आधी हा दाबायला शीक, हळूहळू आवळत, पाय नंतर. गल्लीतच चारदा चालवायला लावली, चारदा थांबायला लावली. तिसऱ्यांदा जमलं त्याला.

उद्या शाळा सुटली की ती गाडी मिस्त्रीकडे टाकणार आहे. दोन्ही ब्रेक शू नवीन, मागचं टायर नवीन, मागे लाल रेडियम. त्याचे पैसे मी पोराकडून घेणार नाही. किल्ली त्यानंतर.