‘लॉला टाकते’

आज दुपारी मावसबहिणीचा फोन आला. लेकाला बारावीत मार्क बेताचे, इंजिनिअरिंगची आशा संपली. म्हणाली, "काहीच नाही जमलं तर लॉला टाकते त्याला. तू वकील आहेसच." मी "बघू गं ताई" म्हणून फोन ठेवला आणि तेव्हापासून डोकं तापलंय.

टाकते म्हणजे काय? ‘काहीच नाही जमलं तर’ म्हणजे काय?

ही कल्पना येते कुठून ते मला माहीत आहे. खुल्या प्रवर्गाला बारावीत 45 टक्के असले की पाच वर्षांच्या कोर्सची सीईटी देता येते. आधी पदवी असेल तर तीन वर्षांचा कोर्स आहेच. गणित नाही, प्रॅक्टिकल नाही, असा समज. दार उघडं दिसलं की लोक मुलं आत ढकलतात. त्या दारातून पुढे कोणाची तरी फाइल त्या मुलाच्या हातात येणार आहे, हे कोणाच्या मनातही येत नाही.

मला ती बाई आठवली. 2021 मध्ये मी वकिलीची सनद घेतली, त्यानंतरचे पहिलेच काही महिने. सिनिअर म्हणाले, "पोटगीच्या अर्जात जाऊन तारीख घेऊन ये." तारीखच घ्यायची होती ना, मी फाइल उघडलीसुद्धा नाही. पुकारा झाला, उभी राहिले. न्यायाधीश साहेबांनी विचारलं, "अर्जदाराचं उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र कुठे आहे?" नोव्हेंबर 2020 मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या निकालात सर्वोच्च न्यायालयानं हे शपथपत्र दोन्ही बाजूंना सक्तीचं केलंय. निकालाचं नाव मला पाठ होतं. माझ्या हातातल्या फाइलमध्ये ते शपथपत्र नाही, हे मात्र मला उभं राहिल्यावर कळलं. म्हणाले, "मुदत मिळावी." मिळाली, दीड महिन्याची.

व्हरांड्यात तिनं मला गाठलं. "मॅडम, आज काय झालं?" हातात प्लास्टिकची पिशवी. त्यात पासबुक, घरभाड्याच्या पावत्या, मुलाच्या शाळेच्या फीची पावती, सगळं नीट एकावर एक ठेवून सुतळीनं बांधलेलं. शपथपत्राला जोडायला जे जे लागतं ते त्या पिशवीत होतं. तिला कोणी विचारलंच नव्हतं. मी म्हणाले, "तारीख मिळाली." तिनं मान हलवली आणि पिशवी छातीशी धरून जिना उतरून गेली. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

दीड महिना पोटगीशिवाय तिनं काढला. माझ्यामुळे. आता सांगा, लॉला टाकायचं?

ताईचं पुढचं वाक्य होतं, "वकिली नाही चालली तर परीक्षा देऊन जज होईल." मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. मला तो निर्णय पटतो. ज्यानं व्हरांड्यात पक्षकाराला तोंड दिलेलं नाही त्यानं खुर्चीत बसून मुदतीच्या अर्जावर सही करू नये. पण ती तीन वर्षं काढायची कशावर? वकिलांचं नियमन करणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियानं ऑक्टोबर 2024 मध्ये ज्युनिअरना शहरात महिना 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये द्यावेत असं सुचवलं. सुचवलं, बंधन नाही. मला पहिल्या वर्षी जाण्यायेण्याचे पैसे सुटायचे, तेवढंच. ज्यांच्या घरात आधीच वकील आहे त्यांचं भागतं. बाकीच्यांनी हे प्रवेशाआधी विचारून घ्यावं, कॉलेजात कोणी आपणहून सांगत नाही.

हो, सगळेच काही कोर्टात उभे राहत नाहीत. कंपन्यांत, बँकांत कामं आहेत आणि पगार बरे आहेत. आणि काहीच न ठरवता आलेले दोघेतिघे आज माझ्यापेक्षा चांगली उलटतपासणी घेतात, तेही मान्य.

इथपर्यंत लिहिलं आणि भाच्याचा मेसेज आला. त्याला आईनं विचारलंही नव्हतं. त्यानं लिहिलंय: "मावशी, आजीचा विम्याचा क्लेम नाकारला होता ना, तेव्हा मी पॉलिसीची सगळी पानं वाचली होती. पत्रात ज्या अटीचं कारण दिलं होतं ती पॉलिसीत नव्हतीच. मग मी उत्तर लिहून दिलं. वकील हेच करतात का?"

मी तो मेसेज चार वेळा वाचला. हो रे बाळा, हेच करतात. त्या दिवशी मी एवढंच केलं असतं तर त्या बाईचा दीड महिना वाचला असता. ते बारीक टाइपातलं सगळं तू वाचलंस, कोणी न सांगता, आजीसाठी. मग मार्कांचं काय घेऊन बसलीय तुझी आई?

तरी लगेच हो म्हणू नकोस. गुरुवारी माझ्याबरोबर चल. बहुतेक सुनावण्या खुल्या असतात, कोणीही जाऊन बसू शकतं. अकरा ते पाच मागच्या बाकावर बस, मोबाइल बंद. कंटाळा येईल, येऊ दे. पुकारा झाला की वकिलांकडे नको, त्यांच्या मागे उभ्या असलेल्या माणसाकडे बघ. त्याच्या हातातल्या पिशवीत काय असेल ते जाणून घ्यावंसं वाटतंय का, तेवढं मला संध्याकाळी सांग.

ताईला अजून फोन केलेला नाही. आवाज चढेल माझा. उद्या करेन.