नुसतं "छान" नको, वरून रेषा मारून दाखवा

चार वर्षं झाली, मी कार्टून काढायला शिकतोय. त्यातली पहिली दोन वर्षं जवळजवळ फुकट गेली. आळस केला म्हणावं तर तसंही नाही, रोज बसायचो. रेषा सफाईदार झाली, शाईवर हात बसला. पण पात्र कागदावर चिकटवलेल्या स्टिकरसारखं चपटंच राहायचं. आणि कुणालाही दाखवलं की उत्तर ठरलेलं, "छान!"

मग एका ज्येष्ठ ॲनिमेटर बाईंनी माझा एक बोका पाहिला. टोपी घातलेला, मान वळवून बघणारा. काही न बोलता त्यांनी चित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवला आणि लाल पेन्सिलीने दोनच रेषा काढल्या. एक कपाळापासून हनुवटीपर्यंतची मध्यरेषा, दुसरी डोळ्यांची आडवी. लगेच सगळं उघडं पडलं. डोकं डावीकडे वळलेलं, नाक मात्र अजून समोरच. पलीकडचा डोळा अलीकडच्याइतकाच रुंद. टोपीची कड पट्टीने आखल्यासारखी सरळ, म्हणजे टोपी डोक्यात बसलेलीच नव्हती, कपाळासमोर धरल्यासारखी दिसत होती. त्यांनी ती कड गोलाकार वळवून डोक्यामागे नेली, न दिसणारा भागसुद्धा काढला, आणि बोक्याला एकदम डोकं आलं. म्हणाल्या, "तू कडा काढतोस. आधी गोळा काढ."

१९८१ साली डिस्नेच्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी ॲनिमेशनची बारा तत्त्वं पुस्तकात मांडली, त्यात 'सॉलिड ड्रॉइंग', म्हणजे सपाट न वाटता भरीव वाटणारं चित्र, आहेच. वजन, खोली, तोल. ॲनिमेशनमध्ये यातून सुटका नाही. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे एक चित्र दोन फ्रेम धरलं तरी १२ चित्रं. डोकं वळताना एखाद्या चित्रातही आकारमान बिघडलं तर पात्र फुगतं, आटतं. सुट्या चित्रात ही चूक सहज खपून जाते, आणि म्हणूनच वर्षानुवर्षं आपल्याला चिकटून राहते.

"कार्टूनला कशाला एवढं?" असं विचारणाऱ्यांशी मी मनापासून असहमत आहे. सपाट शैली मला आवडते, पण ती निवडलेली असावी. दुसरं काही जमत नाही म्हणून आलेली नसावी. मिकीचे कान बघा, डोकं कसंही वळलं तरी ते गोलच दिसतात. प्रत्यक्षात हे अशक्य आहे. तरी डोळा ते मान्य करतो, कारण खालचं डोकं पक्कं, भरीव गोळ्यासारखं आहे.

सरावातला सगळ्यात कामाचा प्रकार म्हणजे अर्धं भरलेलं पिठाचं पोतं. जुना, ॲनिमेटरांचा आवडता. हात नाहीत, तोंड नाही, फक्त चार कोपरे आणि आतलं पीठ. ते वाकवलं की आतल्या बाजूला चुण्या पडतात, बाहेरची बाजू ताणली जाते, पीठ तेवढंच राहतं. पहिल्या पन्नास पोत्यांत माझं पीठ दर वेळी कमीजास्त होत होतं. त्यानंतर कुठे पात्राचं पोट काढताना हाताला आपोआप कळायला लागलं की वजन खाली कुठे बसणार.

सराव एकट्याने होतो. चूक मात्र एकट्याला दिसत नाही, डोळ्याला स्वतःच्या चित्राची सवय झालेली असते. कागद उलटा करून उजेडासमोर धरला तर थोडं कळतं. बाकीचं दुसऱ्यानेच दाखवावं लागतं, आणि तेही नेमकं. "प्रमाण चुकलंय" ऐकून मी काय दुरुस्त करू? "मान पाठीच्या कण्याच्या रेषेत नाही, मागे घे" असं सांगा, मी आत्ता बसून दहा वेळा काढीन. शिकणाऱ्याचं मन मोडू नये म्हणून गप्प बसणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, मला ठाऊक आहे. पण त्या गप्प बसण्याने माझी दोन वर्षं गेली.

आजची सहा रेखाटनं सोबत टाकतोय. तिसऱ्यात उजवा हात खांद्यातून निघाल्यासारखा वाटत नाही, एवढं मला दिसतंय. तो नेमका कुठून निघायला हवा, ते कुणीतरी चित्रावरच रेषा मारून दाखवा.